९५ टक्के अचूकता म्हणजे सुरुंग सापडला असं नव्हे

मशीन लर्निंग शिकणाऱ्यांमध्ये सोनारबद्दल (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालच्या वस्तू शोधायचं तंत्र) एक दावा सतत फिरतो: "सोनारच्या डेटावर वीस ओळींचा कोड चालवला, ९५ टक्के अचूकता आली. पाण्याखालचे सुरुंग ओळखायचा प्रश्न सुटला, जुन्या संख्याशास्त्राची आता गरज नाही." शिकणाऱ्यांचा उत्साह मोलाचाच आहे, पण या दाव्यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी ते '९५ टक्के'. हा गोरमन आणि सेज्नोव्स्की या संशोधकांच्या १९८८च्या अभ्यासातला डेटा. नोंदी फक्त २०८: १११ धातूच्या नळकांड्याच्या (हेच इथले 'सुरुंग'), ९७ खडकांच्या. प्रत्येक नोंदीत ६० आकडे, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांच्या पट्ट्यांतली ऊर्जा. २० टक्के नोंदी चाचणीला ठेवल्या की हाती येतात ४२. त्यांतल्या ४० बरोबर आल्या, झाले ९५ टक्के! पण एवढ्याशा नमुन्यावरून खरी अचूकता ८४ ते ९९ टक्क्यांत कुठेही असू शकते. शिवाय या नोंदी त्याच त्या वस्तूंवर वेगवेगळ्या कोनांतून ध्वनी सोडून घेतलेल्या. सरसकट पिसून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटल्या की चाचणीतल्या नोंदीची जवळपास जुळी बहीण प्रशिक्षणात जाऊन बसते. मूळ संशोधकांनी कोन लक्षात घेऊन आणि न घेता केलेल्या विभागण्यांचे निकाल वेगवेगळे दिले होते. हे आज कुणी सांगतच नाही.

'प्रश्न सुटला' हे तर त्याहून चूक. या संचात प्रतिध्वनी आधीच वेगळा काढून दिलेला आहे. समुद्रात तोच शोधायचा असतो. एका पिंगमागे (सोनारने सोडलेल्या एका ध्वनीमागे) १०० बीम, म्हणजे ऐकायच्या १०० दिशा, आणि प्रत्येकात अंतराचे १,००० कप्पे धरा. प्रत्येक कप्प्यात खोट्या इशाऱ्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी कमी ठेवली, तरी दर पिंगला सरासरी १० खोटे इशारे येणार. म्हणून आजूबाजूच्या कप्प्यांवरून गोंगाटाची पातळी काढून इशारा द्यायचा उंबरठा त्यानुसार वरखाली करतात, म्हणजे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण स्थिर राहतं. या पद्धतीला सीफार (CFAR) म्हणतात. खडकाळ तळावर तीही फसते, कारण तिथे रॅले वितरणाच्या (गोंगाटासाठी नेहमी गृहीत धरलं जाणारं संख्याशास्त्रीय सूत्र) अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा जोरदार प्रतिध्वनी येतात. मग के-वितरणासारखं, लांब शेपटीचं, म्हणजे असे जोरदार प्रतिध्वनी जास्त वेळा येतील असं धरणारं वितरण घ्यावं लागतं.

शिवाय संचात निम्म्याहून जास्त नोंदी 'सुरुंगा'च्या आहेत. प्रत्यक्षात १०,००० संशयास्पद वस्तूंत १० सुरुंग आहेत असं समजू. सुरुंग आणि दगड दोन्ही ९५ टक्के वेळा बरोबर ओळखणारं मॉडेल नऊ-दहा सुरुंग पकडेल, आणि सोबत सुमारे ५०० दगड. त्यातल्या प्रत्येकाची खात्री करायला गोताखोर किंवा यंत्र खाली उतरवावं लागतं.

राहिलं 'जुनं' संख्याशास्त्र. खोट्या इशाऱ्यांची मर्यादा आधी ठरवायची आणि त्या मर्यादेत जास्तीत जास्त लक्ष्यं पकडायची, हे नेमन आणि पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मांडलं. न्यूरल नेटवर्कसारखं मशीन लर्निंगचं मॉडेलही शेवटी एक आकडाच देतं. तो कितीच्या वर गेला की इशारा द्यायचा, हे त्याच हिशेबाने ठरतं. मॉडेल खरंच चांगलं असेल तर ते दुसऱ्या तळावर, प्रशिक्षणात नसलेल्या वस्तूंवर चालवा आणि त्याचा आरओसी आलेख (खोटे इशारे किती आणि पकडलेली लक्ष्यं किती, हे प्रत्येक उंबरठ्यावर दाखवणारा) दाखवा. तो मी आनंदाने वाचेन.