आधार कार्डावर नेपाळ-भूतान? आधी कार्डाची मागची बाजू वाचा

सुट्ट्यांची बुकिंग सुरू झाली की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. मजकूर साधारण असा: 'नेपाळ आणि भूतानला पासपोर्ट-व्हिसा काही लागत नाही, आधार कार्ड बास. मोबाइलमध्ये असलं तरी चालतं. दोन्ही देशांचे नियम सारखेच. सीमा उघडी आहे, तिथे कुणी विचारत नाही, विमान कंपन्याच उगाच अडवतात. आपला पैसा, आपलं सिम, आपली गाडी, सगळं चालतं.'

यातलं 'व्हिसा लागत नाही' एवढंच जसंच्या तसं खरं आहे. उरलेल्यापैकी काही अर्धवट आहे आणि काही साफ चूक. या मेसेजवर विसंबून चार-पाच तिकिटं काढलेलं कुटुंब विमानतळावर अडतं तेव्हा पैसेही जातात आणि सुट्टीही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'आधार कार्ड बास'

नेपाळला जाणाऱ्या सर्वसामान्य प्रौढ भारतीयाला दोनपैकी एक कागद लागतो: मुदत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार या यादीत नाही.

मग ही अफवा आली कुठून? जानेवारी २०१९मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने एक सवलत जाहीर केली. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या भारतीयांना नेपाळ-भूतानला जाताना आधार कार्ड प्रवासाचा कागद म्हणून चालेल, असं ती म्हणते. या वयोगटांना पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्ड असले फोटोचे पुरावे आधीपासून चालत होते, त्यात आधारची भर पडली. बातमी मेसेजमध्ये उतरताना वयाची अट गळाली आणि 'आधार चालतं' एवढंच उरलं.

आधार का चालत नाही, याचं उत्तर आधारच्याच कागदावर छापलेलं आहे. पोस्टाने आलेलं ते लांबट पत्र उलगडून सूचना वाचा. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. कायद्याने आधार मिळतं ते रहिवाशाला. गेल्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूसही ते काढू शकतो, म्हणजे ऐरोलीच्या आयटी पार्कात दोन वर्षांच्या करारावर आलेल्या परदेशी इंजिनिअरकडे रीतसर आधार असू शकतं. नेपाळची सीमा मात्र उघडी आहे ती भारत आणि नेपाळच्या नागरिकांसाठी, भारतात राहणाऱ्या सगळ्यांसाठी नाही. मतदार कार्ड चालतं, कारण मत देण्याचा हक्क नागरिकालाच असतो. सगळा नियम या एका फरकावर उभा आहे.

आता घरातली वयं बघा, कारण खरी अडचण इथेच होते. समजा आजोबा ६७, आजी ६४, आई-वडील चाळिशीचे, थोरला मुलगा १६ आणि धाकटी ११. आजोबा आणि धाकटी यांना आधार चालेल. आई-वडिलांना मतदार कार्ड किंवा पासपोर्ट हवा. आजीलाही तेच, कारण ६५ पूर्ण व्हायला तिला अजून वर्ष आहे. आणि १६ वर्षांचा मुलगा मधल्या मध्ये लटकतो. आधारची सवलत १५ वर्षांखालच्यांना आणि मतदार कार्ड १८ पूर्ण झाल्यावर. १५ ते १८च्या मुलांसाठी शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. नेहमीचं बोनाफाइड म्हणजे हे नव्हे. नमुना वेगळा असतो, त्यावर फोटो आणि शिक्का लागतो. १८-१९च्या कॉलेजकुमारांचीही हीच गत: वय झालेलं, पण नाव अजून मतदार यादीत नाही.

कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाकडे योग्य कागद असेल, तर बाकीच्यांना फोटोचं दुसरं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यांवर सोडण्याची तरतूद आहे. रस्त्याने जाताना तिचा उपयोग होतो. विमानाच्या काउंटरवर ती मानलीच जाईल या भरवशावर तिकीट काढू नका.

'मोबाइलमध्ये असलं तरी चालतं'

मुंबई-नागपूर विमानाला डिजिलॉकर चालतं, म्हणून हा समज पसरला. काठमांडूचं विमान आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून सुटतं. तिथे विमान कंपनीचा काउंटर, मग इमिग्रेशन आणि उतरल्यावर नेपाळची तपासणी असते. मूळ कार्ड हातात लागतं. मतदार कार्डाची पीडीएफ किंवा तिची रंगीत प्रिंट लॅमिनेट करून नेणं हा धोका आहे.

मूळ कार्ड असूनही माणसं अडतात. नव्वदीतलं कृष्णधवल कार्ड असेल तर त्यावरचा फोटो आज कुणाचा ते ओळखू येत नाही. कार्डाचा क्रमांक बघा: तीन अक्षरं आणि सात अंक असा दहा जागांचा असेल तर ठीक. तिरक्या रेघांचा लांबलचक जुना क्रमांक असेल तर कार्ड बदलून घ्या. लग्नानंतर तिकिटावर सासरचं आडनाव आणि कार्डावर माहेरचं, ही आपल्याकडची सर्रास चूक. इंग्रजी स्पेलिंग तिकिटाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. दुरुस्ती आणि बदली कार्ड या दोन्हींसाठी फॉर्म ८, नवीन नोंदणीसाठी फॉर्म ६. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, तो हिशेबात धरा.

'दोन्ही देशांचे नियम सारखेच'

अजिबात नाहीत. कोणत्याही सीमेला दोन दारं असतात. आपल्या देशाने बाहेर सोडणं ही एक परवानगी आणि समोरच्याने आत घेणं ही दुसरी. २०१९ची आधार सवलत पहिल्या दारापुरती आहे. नेपाळ भारतीयांकडे प्रवेश परवाना मागत नाही, त्यामुळे दुसरं दार सहसा जाणवत नाही. भूतानमध्ये ते चांगलंच जाणवतं. तिथे प्रत्येक भारतीय पर्यटकाला प्रवेश परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं. लहान मुलांसाठी पासपोर्ट, नाहीतर इंग्रजीतला जन्मदाखला आणि सोबत पालक. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा जन्मदाखला काढताना त्यावर इंग्रजी मजकूर आणि मुलाचं नाव आहे ना, ते बघून घ्या. बारशाआधी काढलेल्या दाखल्यांवर नावाची जागा बऱ्याचदा कोरी असते.

शिवाय भूतानचं शाश्वत विकास शुल्क, म्हणजे एसडीएफ. २०२०च्या जुलैपर्यंत भारतीयांना ते माफ होतं. आता माणशी रात्रीला १,२०० रुपये आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. दोन मोठी माणसं, १० वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा पाच रात्री राहिले तर १२,००० अधिक ३,००० असे १५,००० रुपये. हॉटेल, गाडी, जेवण यात नाही. स्वस्त पॅकेजच्या जाहिरातीत हा आकडा धरलाय का, ते लेखी विचारा.

'सीमा उघडी आहे, विमान कंपन्याच अडवतात'

या मुद्द्यात सत्याचा अंश आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरहून साधारण १०० किलोमीटरवर, नेपाळच्या सीमेला लागून सोनौली आहे. तिथल्या कमानीखालून रोज हजारो माणसं सायकलवरून, रिक्षाने, डोक्यावर बोचकी घेऊन पलीकडे जातात आणि प्रत्येकाला कागद विचारला जात नाही. 'आम्ही गेलो, कुणी विचारलं नाही' असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण न विचारणं म्हणजे नियम नसणं नव्हे. सशस्त्र सीमा बलाचा जवान कधीही थांबवू शकतो. आणि जाताना रस्त्याने गेलेला माणूस येताना काठमांडूहून विमानाने निघाला, की आधार कार्ड हातात घेऊन काउंटरवर अडतो.

विमानाचा नियम कंपन्यांच्या मनातून आलेला नाही. २४ डिसेंबर १९९९ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान आयसी-८१४ पळवून कंदाहारला नेण्यात आलं. त्यानंतर २०००पासून या मार्गावरच्या विमान प्रवाशांना ठरावीक ओळखपत्र सक्तीचं झालं. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड आणि त्याला परत आणण्याचा खर्च विमान कंपनीवर पडतो. काउंटरवरचा माणूस ऐकत नाही तो त्यामुळे.

ही सीमा ठरली कशी आणि उघडी का आहे, हेही कळायला हवं. पूर्वेला मेची आणि पश्चिमेला महाकाली या नद्यांमधला नेपाळ ठरला तो १८१५-१६च्या सुगौली तहाने, इंग्रजांशी युद्ध हरल्यावर. १८५७च्या उठावात नेपाळचे तेव्हाचे सत्ताधीश जंगबहादूर राणांनी इंग्रजांना मदत केली, त्याबदल्यात १८६०मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा तराईचा, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाट प्रदेशाचा पट्टा नेपाळला परत मिळाला. आजचं नेपाळगंज त्याच बांकेत आहे. सीमेवरच्या जुन्या दगडी खांबांना तिकडे जंगे पिलर म्हणतात आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा गज मोकळ्या ठेवायच्या पट्टीला दशगजा. कागदावर पट्टी मोकळी असली तरी पुष्कळ ठिकाणी तिच्यावर शेतं आणि टपऱ्या आल्या आहेत. नदीला सीमा मानल्याने भांडणंही राहिली: गंडकीने पात्र बदललं म्हणून सुस्ताचा वाद, महाकालीचा उगम नेमका कोणता यावरून कालापानीचा. जून २०२०मध्ये नेपाळने कालापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा घटनादुरुस्ती करून स्वीकारला. भारताला तो मान्य नाही.

मोकळ्या ये-जा करण्याचा आजचा आधार आहे ३१ जुलै १९५०चा शांतता आणि मैत्री करार. त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि हिंडणं-फिरणं यांत समान सवलती दिल्या आहेत. शब्द नीट पाहा: नागरिकांना. आणि ही मोकळीक कायमची गृहीत धरता येत नाही. सप्टेंबर २०१५मध्ये नेपाळची नवी राज्यघटना लागू झाल्यावर तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनात रक्सौल-वीरगंजचा रस्ता काही महिने अडला, नेपाळमध्ये पेट्रोल आणि गॅसचे हाल झाले. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे दोन्ही सीमा बंद झाल्या. पर्यटकांसाठी भूतानची सीमा उघडली ती थेट २३ सप्टेंबर २०२२ला.

'आपला पैसा, सिम, गाडी सगळं चालतं'

पैसा: १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३पासून बांधलेला आहे. डिसेंबर २०१८मध्ये नेपाळने १००पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. मोठ्या नोटांचा नियम बदलत राहतो, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा आणि १००च्या नोटांची गड्डी जवळ ठेवा. भूतानचं ङुल्ट्रम रुपयाशी बरोबरीचं आहे. दोन्हीकडे मोठ्या दुकानांत यूपीआय क्यूआर दिसतो, पण डोंगरातल्या गावात त्यावर विसंबू नका.

सिम: दोन्ही देश परदेशच आहेत, त्यामुळे आंतरराष्ट्रीय रोमिंग लागतं. ते घरीच सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कार्डही चालणार नाही. घड्याळही लावा: नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, भूतान अर्धा तास. परतीचं विमान चुकवायला १५ मिनिटं पुरतात.

गाडी: एमएच-०४ किंवा एमएच-४३ची गाडी नेपाळमध्ये नेताना सीमेवर भन्सार भरावं लागतं, म्हणजे जकात खात्याची दिवसांवर आकारलेली पावती. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हे मूळ कागद हवेत. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र. खासगी गाडीला वर्षात एकूण ३० दिवस मिळतात. दिवस मोजून थोडे जास्तच घ्या, कारण पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद पडला तर मुदत उलटते आणि दंड बसतो. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे विमा. आपल्या मोटार पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. नेपाळ-भूतानसाठी जिओग्राफिकल एक्स्टेन्शन, म्हणजे विम्याची हद्द वाढवणं, निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावं लागतं. ते नसेल तर पलीकडे झालेल्या अपघाताचा दावा कंपनी नाकारू शकते.

मग पासपोर्ट काढायचाच का?

आमचं मत: हो, विशेषतः १५ ते २० वयाच्या मुलांचा. मतदार कार्ड फक्त भारतातून नेपाळ-भूतानच्या थेट प्रवासापुरतं. बँकॉकहून काठमांडूमार्गे परतायचं ठरवलं तर पासपोर्टच लागतो. काठमांडूत कागद हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन भारतीय दूतावासाकडून परतीपुरता दाखला घ्यावा लागतो, तेव्हा पासपोर्टची झेरॉक्स फार उपयोगी पडते. ट्रेकिंगलाही फायदा आहे: अन्नपूर्णा परिसराचा परवाना इतर परदेशी लोकांना ३,००० नेपाळी रुपये आणि सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई संघटनेतल्या देशांच्या नागरिकांना १,०००, पण नागरिकत्व दाखवता आलं तरच.

३६ पानी पासपोर्टला प्रौढांसाठी १,५०० रुपये, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १,०००, तत्काळला वर आणखी २,०००. ठाणेकरांसाठी पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. अपॉइंटमेंटपेक्षा पोलीस पडताळणीला जास्त वेळ जाऊ शकतो, विशेषतः नुकतं घर बदललं असेल आणि कागदांवर जुना पत्ता असेल तर. म्हणून तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे प्रवासाच्या तारखेचं वय लिहा, त्यापुढे त्याच्याकडे असलेला मूळ कागद. एकाही नावापुढची जागा कोरी असेल तर आधी तो कागद हातात येऊ द्या.