एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, मालवणच्या आमच्या पिअर्सिंग स्टुडिओकडून

नमस्कार मॅडम,

२७ डिसेंबरला कानाचं भोक ताणून मोठं करायला ३ची वेळ देऊन तुम्हाला पावणेचारपर्यंत बसवून ठेवलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. लाइट गेली, ऑटोक्लेव्ह (वाफेने सामान निर्जंतुक करायचं मशीन) मध्येच बंद पडला. अर्धवट तापलेलं सामान कानाला लावायचं नसतं, म्हणून मशीन पहिल्यापासून पुन्हा लावलं. तरी आधी फोन करायला हवा होता, तो राहिला.

पण "एकच साइज वाढवली, पाच खेपा घालायला लावून पैसे उकळायचा धंदा आहे" हे वाचून रात्री जेवण गेलं नाही.

तुमचं भोक १.६ मिलिमीटरचं आणि ३१च्या पार्टीला हवं होतं ५. मध्ये २, २.५, ३, ४ येतात. एक साइज वाढली की कानाच्या पाळीला निदान सहा ते आठ आठवडे द्यायचे. घाई केली की कातडी आतून फाटते, भरताना टणक होते, मग पुढे ताणूच देत नाही. आमचं घर मूळचं सोनारकामाचं. आजीच्या पाळीचं भोक चवळीएवढं होतं, पण ते जड कुड्यांनी चाळीस वर्षांत झालेलं. चार दिवसांत नव्हे.

आणि पाच खेपा मी म्हणालोच नव्हतो! उलट सांगितलं, पुढची साइज घरीच करा. गरम पाण्याने आंघोळ, दोन थेंब जोजोबा तेल, काचेचा प्लग (भोकात घालायचा गोल तुकडा) सहज सरकला तर ठीक, दुखलं तर थांबा. १,२०० रुपयांत त्या दिवशीची काचेची जोडीही होती. यात मी काय उकळलं?

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला. कानात पोपटी अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकचा, टेपर (भोक ताणायचा निमुळता दांडा) आहे. तो आमचा नाही, आम्ही अ‍ॅक्रिलिक ठेवतच नाही. पाळीच्या मागे लाल कडं उलटून आलंय, त्याला ब्लोआउट म्हणतात. जबरदस्तीने ताणलं की आतली कातडी मागून बाहेर येते. आणि २९ला तारकर्लीला स्नॉर्केलिंग केलं हे तुम्हीच लिहिलंय. दोन आठवडे समुद्र नको, हे मी दोनदा सांगितलं होतं. आईनेही आतून ओरडून सांगितलं. तुम्ही "हो हो" म्हणालात.

असो. टेपर लगेच काढा, मी दिलेला २चा काचेचा घाला, दिवसातून दोनदा सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) धुवा. जखम ओली आहे तोवर तेल नको. पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांनाच दाखवा. वेळेचं आम्ही बघतो, मोठा इन्व्हर्टर घ्यायचं चाललंय, सूचनांचा कागदही छापून घेऊ.

तुमच्या १.६च्या जुन्या रिंगा इथेच राहिल्यात. २चाही घट्ट वाटला तर त्याच लागतील. निर्जंतुक करून पाकिटात ठेवल्यात, पत्ता मेसेज करा, त्याच दिवशी कुरियरला देतो. कुरियरचे पैसे नकोत.