अर्धी आत्या

लॅपटॉप टीव्हीला जोडणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं म्हणणाऱ्यांचा टीव्ही टेबलावर असतो. आमचा भिंतीवर आहे. बसवणाऱ्यानं मागे जेमतेम दोन बोटं जातील एवढी फट ठेवलीय आणि एचडीएमआयचं भोक नेमकं त्या फटीत. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातानं केबल चाचपतोय, गाल भिंतीला टेकलेला, अशा अवस्थेत मी होतो आणि मागे सोफ्यावर समस्त नातेवाईक पोह्यांच्या बशा घेऊन बसले होते. चिरंजीवांच्या मुंजीचा व्हिडिओ फोटोग्राफरनं एकदाचा दिला होता. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावून झाला होता. ही फाइल चालणार नाही, असं टीव्हीनं आधीच सांगून टाकलं होतं.

शेवटी केबल बसली. मंगलाष्टकं, मातृभोजन, भिक्षावळ सगळं सुरळीत पार पडलं. मग ग्रुप फोटो आला.

"मी कुठाय?" आत्यानं विचारलं.

आत्या रांगेत अगदी टोकाला उभी होती. म्हणजे तिचा एक कान, एक डोळा आणि पैठणीचा निम्मा पदर होता. बाकीची आत्या टीव्हीच्या चौकटीत गडप.

"टोकाला उभं केलंत तेव्हाच म्हटलं होतं मी," ती आईकडे बघत म्हणाली. "वहिनी, तुमच्या बहिणी मात्र मधोमध आहेत हो."

लॅपटॉपवर आत्या अखंड होती, पण ते बघायला उठायची तिची तयारी नव्हती. कापलं ते टीव्हीनं कापलं होतं, आणि त्यामागे इतिहास आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र कडेला कधी सरळ बसायचं नाही. विजेचा दाब वरखाली झाला की तेही आक्रसायचं, फुगायचं. म्हणून कंपन्या चित्र मुद्दामच थोडं मोठं करून कडा चौकटीखाली दडवायच्या. याला म्हणतात ओव्हरस्कॅन. प्रक्षेपण करणाऱ्यांनाही हे ठाऊक, त्यामुळे तेही कामाची अक्षरं कडेपासून आत ठेवायचे. आता नळ्या गेल्या. आमच्यासारख्या फुल एचडी सपाट पडद्यावर मोजून 1920 गुणिले 1080 ठिपके असतात, कडा सरळसोट, दडवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी कित्येक टीव्ही जुन्या सवयीनं चित्र फुगवतातच.

पाच टक्के कापले असं धरा. आडव्या 1920 ठिपक्यांतले 96 गेले, दोन्हीकडचे 48-48. फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस माणसं उभी असतील, तर माणशी येतात 96 ठिपके. म्हणजे प्रत्येक टोकाचा माणूस बरोब्बर अर्धा. (दुसऱ्या टोकाला आमचे मोठे जावई होते. ते बोलले नाहीत, पण त्यांनी पोहे बाजूला ठेवले.)

हा हिशेब मी आत्याला समजावला. "म्हणजे टीव्हीलाही कळतं कुणाला कापायचं ते," ती म्हणाली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये एक पट्टी शोधून सरकवली आणि चित्र लहान केलं. आत्या आत आली, पण सगळ्यांवर साय धरली. लॅपटॉपनं आधी चित्र आकसायचं आणि टीव्हीनं ते पुन्हा ताणायचं, यात ठिपक्याला ठिपका जुळत नाही. आत्याच्या पैठणीचे मोर ओळखू येईनात. पैठणी स्वतःच्या पैशांची होती, त्यामुळे हा उपाय फेटाळला गेला.

तेवढ्यात बाबांनी रिमोट घेतला. बाबांच्या हातात रिमोट गेला की ते आधी दिसेल ते बटण दाबतात आणि मग चष्मा शोधतात. चित्र चारास तीन झालं. सोळास नऊचं चित्र त्यात कोंबलं की उंची तीच राहते आणि रुंदी पंचवीस टक्क्यांनी घटते. सगळ्या खोलीनं श्वास रोखला. मावशी सडपातळ! मामीला मान आली! जावयांचं पोट गेलं!

"हेच राहू दे," मावशी म्हणाली. बहुमत तिच्या बाजूनं होतं. आत्या बारीक झाली होती, पण अजून अर्धीच होती, त्यामुळे तिचं मत विरोधात पडलं.

खरा उपाय टीव्हीच्याच पोटात असतो, पण त्याला एक नाव नाही. कुणी त्याला जस्ट स्कॅन म्हणतं, कुणी स्क्रीन फिट, कुणी फुल पिक्सेल, तर कुणी डॉट बाय डॉट. काही टीव्हींत तर इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवावं लागतं, तेव्हा कुठे स्वारी चित्र कापायचं थांबते. आमच्याकडे ते पिक्चरमध्ये, त्यातल्या ॲडव्हान्समध्ये, त्यातल्या आकारमानात, सगळ्यात खाली निघालं. मी ओके दाबलं. चित्र क्षणभर काळं झालं आणि परत आलं ते कडेसकट, मोरासकट. जावयांनी पोह्यांची बशी पुन्हा उचलली.

आत्या उठून टीव्हीजवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला, स्वतःला नीट न्याहाळलं.

"डोळे मिटलेत माझे," ती म्हणाली. "आधीचंच कर. त्यात निदान एकच दिसत होता."