सशाले कुठचं बीळ?

तूर घरी आली, कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली आणि धुरा, म्हणजे शेताच्या बांधावरचं गवत, जाळायचं काम तेवढं उरलं होतं. पुतण्या आगपेटी घेऊन तयारच. म्हटलं, थांब, आधी काठी घेऊन गवतातून एक चक्कर मार, ससा असल.

"काका, ससा त बिळात घुसून जाईन नं!"

"सशाले कुठचं बीळ रे बावा?"

सहावीतलं पोरगं ते. त्यानं मला पाठ केलेली यादीच ऐकवली. वाघाची गुहा, चिमणीचं घरटं, गाईचा गोठा, सशाचं बीळ. आपणही हेच घोकून पास झालो. पण आपल्या वऱ्हाडातला ससा बीळ खोदतच नाही. बीळ घोरपडीचं, उंदराचं, सायाळीचं. खोकडाच्या बिळाला तर चार-पाच तोंडं असतात. ससा राहतो उघड्यावर, कुसळीच्या गवतात नाहीतर झुडपाच्या बुडाशी.

जमिनीत घर करतो तो युरोपातला ससा. पिंजऱ्यातले पांढरे, लाल डोळ्यांचे ससे त्याच्याच वंशातले. ते कळपानं राहतात आणि जमिनीखाली बोगदे खोदून एकाला एक जोडतात. इंग्रजीत त्या अख्ख्या वसाहतीला 'वॉरन' म्हणतात. दाटीवाटीच्या, गल्लीबोळांच्या वस्तीलाही तोच शब्द लावतात. दोन्ही प्राणी वेगळे, इंग्रजीत त्यांची नावंही वेगळी, रॅबिट आणि हेअर. मराठीत दोघांना एकच शब्द, ससा. म्हणून तिकडचं बीळ इकडच्या सशाच्या नावावर चढलं, असं माझं ठाम मत आहे. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी ढोलीसाठी भांडतात, तिथंही ढोली कपिंजलाचीच. ससा नुसता येऊन बसलेला.

त्या दिवशी पुतण्याला धुऱ्यावर घेऊन गेलो. काठीनं गवत हलवत चाललो. पाय पडणार एवढ्यात पुढ्यातून ससा उसळला आणि तुरीच्या फणकटांतून नागमोडी पळाला. तो बसला होता ती जागा वाकून पाहिली. ओंजळीएवढा खळगा, मागच्या बाजूला जरा जास्त दबलेला, वरून गवताची पाती झुकलेली. पुतण्यानं तळहात ठेवला. "काका, गरम आहे!"

पिल्लंही अशीच उघड्यावर. अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. आई दिवसभर दूर राहते, बहुतेक अंधार पडल्यावर पाजायला येते. एकटं पिल्लू दिसलं की लोक पोरकं समजून घरी आणतात आणि बहुतेक वेळा ते मरतं. कृपा करून उचलू नका. आणि आगीत ते बिळात जाणार नाही. धोका दिसला की जमिनीला चिकटून गप बसायचं, एवढंच त्याला येतं. धुरा पेटवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलंच पाहिजे.

आता सोशल मीडियावर 'सशाच्या बिळात शिरलो' असंही मराठीत दिसू लागलंय. एकातून दुसरं बघत रात्र गेली, असं सांगायचं असतं. त्याला आपल्याकडं 'वाहवत गेलो' आहे, 'नादी लागलो' आहे. बीळ कशाला?

सशाच्या त्या खळग्याला मी 'बसकण' म्हणतो. बसकण मारतो तोच शब्द. झाडीपट्टीत, मेळघाटात, गोंडी-कोरकू बोलणाऱ्या घरांत याला काय म्हणतात? घरच्या म्हाताऱ्यांना विचारून खाली लिहा. पुतण्यानं त्याच्या वहीत 'सशाचं' पुढची जागा कोरी ठेवली आहे.