हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत वाटणीचे बोलणे बहुधा तेराव्यानंतर निघते, आणि तोवर हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडून देण्याचा, कागद तयार झालेला असतो. रामबागेतल्या एका परिचित कुटुंबात मी हे जवळून पाहिले आहे. मुद्रांकावर टंकलेल्या हिंदी मजकुरातल्या ‘स्वेच्छा से, बिना किसी दबाव के’ या ओळीवर धाकट्या बहिणीचे बोट थांबले होते आणि मामा म्हणत होते, "अगं, माहेर तोडायचंय का तुला?" तिने सही केली. दबाव याहून वेगळा काय असतो, असे मला आजही वाटते.

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई, या सर्वांचा वाटा सारखा असतो. आजीचा वाटा तर कुणी हिशेबातच धरत नाही! वडिलोपार्जित मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलाप्रमाणेच वाटेकरी, आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ‘तुझ्या लग्नात खर्च केला’ या कारणाने हा हिस्सा कमी होत नाही. मात्र स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र एकदा नोंदणीकृत झाले, की ते रद्द करून घेणे फार कठीण जाते.

हिस्सा मागणाऱ्या बहिणींनीही जबाबदारीकडे पाठ फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे. शाहबानो याच शहरातल्या. १९७८ मध्ये त्यांनी इथल्याच न्यायालयात पतीकडून पोटगी मागितली, दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या कलम १२५ खाली त्या लढल्या, त्याच कलमाखाली निराधार आईवडीलही निर्वाह मागू शकतात, आणि विवाहित मुलगीही त्यास बांधील आहे, असा निर्णय १९८७ मध्ये झाला. जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. म्हणूनच जो भाऊ वर्षानुवर्षे आईचे औषधपाणी पाहतो, त्याच्या कष्टांचा विचार वाटणीच्या वेळी उघडपणे, सर्वांसमक्ष व्हावा. बहिणीच्या मौनातून त्यांचा मोबदला वसूल केला जाऊ नये.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. घर मुलाच्या नावे करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट दानपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ती मोडली गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते.

सल्ल्याला पैसे नाहीत म्हणून कुणी अडून राहू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो, आणि तो सहीच्या आधी करावा.