‘एफआयआर झाली की भरपाई आपोआप’: हा मेसेज पुढे पाठवू नका

गावकीच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ‘मारहाणीत जखमी झालात की सरकार भरपाई देतं. एफआयआर झाली की पैसे आपोआप खात्यात. मात्र आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तर काही नाही.’ भरपाईची तरतूद आहे, बाकी सगळं दिशाभूल करणारं. यावर विसंबून माणसं हक्काचे पैसे घालवतात.

‘आपोआप खात्यात’ मुळीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३९६ खाली कोर्ट शिफारस करतं किंवा पीडित स्वतः अर्ज करतो. रक्कम ठरवतं विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा. तिचं जिल्ह्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात: कोकणात रत्नागिरी, ओरोस (सिंधुदुर्ग), अलिबाग (रायगड). अर्जाला एफआयआरची प्रत (ती फिर्यादीला मोफत मिळते), वैद्यकीय कागद, मृत्यू असेल तर दाखला आणि बँकेचा तपशील जोडा. एजंटला पैसे देऊ नका. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

खरा घोळ केसपेपरवर होतो. बांधावरून कोयता चालला, पण भावकीचं प्रकरण म्हणून ग्रामीण रुग्णालयात सांगतात, ‘माडावरून पडलो.’ डॉक्टर तेच लिहितात. मग जबाब एक आणि केसपेपर दुसरंच सांगतो, आणि चौकशीत बोट तिथेच ठेवलं जातं. कशाने, कुठे मारलं ते पहिल्याच डॉक्टरला सांगा. पुढे कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवलं, तर तिथलं डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलंही जपा.

‘आरोपी सापडला नाही तर काही नाही’ हे तर साफ खोटं. आरोपीचा पत्ता लागला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. आरोपी निर्दोष सुटला, तरी पुनर्वसनाची गरज असेल तर कोर्ट शिफारस करू शकतं.

मेसेजमध्ये नाही ते तुमच्या बाजूचं काम. दुसऱ्या सरकारी योजनेतून पैसे मिळाले असतील तर अर्जात लिहा, लपवू नका. तपासात आणि साक्षीला सहकार्य करा. कामासाठी मुंबईला गेलात तर नवा पत्ता आणि फोन नंबर पोलीस ठाण्यात व प्राधिकरणात लेखी द्या, पोच घ्या. नाहीतर समन्स गावच्या बंद घराच्या दाराशी जाऊन परत जातं.