मावळातलं गाव नदीकाठी कुठे असतं?

‘माणूस पाण्यामागे जातो. म्हणून मावळातली जुनी गावं नदीकाठी वसली आणि मधल्या डोंगरांनी ती एकमेकांपासून तोडली.’ पुण्याच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांचा एक ड्रोन-व्हिडिओ या मजकुरासह फिरतोय. व्हिडिओ झकास आहे. मजकूर मात्र तपासून घ्यावा असा.

आधी नदीकाठ. या खोऱ्यांत सपाट जमीन मुळात हातभर, आणि ती तळाला. तिथे भाताची खाचरं. खाचर मोडून घर कोण बांधेल? त्यामुळे वस्ती बहुतेक करून वर सरकलेली, डोंगर उतरून जमीन जरा टेकते तिथे. आषाढात गढूळ लोंढा खाचरांत शिरतो, आणि वैशाखात त्याच नदीत चार डोह उरतात. अशा वेळी हंडा भरायचा तो कातळातून पाझरणाऱ्या झऱ्यावर. कड्यावरच्या माळांवर धनगरवाडे आहेत, त्यांना कुठला नदीकाठ?

‘डोंगरांनी तोडलं’ यात अर्धं खरं आहे. गुंजवणीचं गुंजण मावळ, वेळवंडीचं वेळवंड खोरं, मोसेचं मोसे खोरं: नदीगणिक मुलूख आणि मुलखागणिक देशमुखी. मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर. डोंगराची धार ही हद्द होती हे कबूल. पण हद्द म्हणजे भिंत नव्हे. केळदहून मढे घाट आणि उपांड्या या वाटा थेट कोकणात उतरतात. इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ल्याला जा. तिथल्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या दात्यांचे लेख आहेत, आणि त्यांतले काही जण स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जिथे यवन दान देत होते, ते खोरं तुटलेलं कसं?

राहिला व्हिडिओतला तो निळा ‘नदीकाठ’. तो धरणाचा फुगवटा आहे. भाटघर 1928 चं, पानशेत आणि वरसगाव नंतरची. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला, पुढे सेनापती बापट त्याचे नेते, तो बुडणाऱ्या जमिनींसाठीच. म्हणजे पाण्याला लागून दिसणारी घरं पाण्याकडे गेलेली नाहीत; पाणीच चढत त्यांच्यापर्यंत आलंय. नदीलगत खरोखर काय होतं ते पाहायचं असेल तर ड्रोनवाल्याने मे महिन्यात भोर तालुक्यात कांबऱ्याला यावं. एरवी भाटघरच्या पाण्याखाली असलेलं कांबरेश्वराचं देऊळ तेव्हा उघडं पडतं.